बरोबर नाव टाकूनही चुकीच्या वेबसाइटवर? कारण असू शकतं एक छोटी फाइल

तुम्ही ब्राउझरमध्ये बँकेच्या वेबसाइटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला लागतो आकड्यांचा आयपी अ‍ॅड्रेस. पूर्वी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये असायची. अमेरिकेतली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली.

तशी फाइल मात्र आजही कॉम्प्युटरमध्ये असते. लिनक्समध्ये 'ईटीसी' फोल्डरमधली 'होस्ट्स' फाइल सहसा डीएनएसच्या आधी पाहिली जाते. व्हायरसने तिच्यात एक ओळ घातली, तरी तुम्ही भलत्याच सर्व्हरवर पोहोचू शकता.

ती बदलायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. म्हणून अनोळखी प्रोग्रॅमला पासवर्ड देऊ नका आणि ब्राउझरने सर्टिफिकेटचा इशारा दिला, तर तिथेच थांबा.