मत बदलतं, की पक्कं होतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "राजकीय लेख वाचून कुणाचं मत खरंच बदलतं का हो?" आज तिथूनच सुरुवात करू.

१९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत ६०० मतदार निवडले. मे ते नोव्हेंबर, दर महिन्याला त्याच माणसांना भेटून विचारलं, मत कुणाला? रेडिओ आणि वर्तमानपत्रं माणसांना इकडून तिकडे फिरवत असतील, असा समज होता. निघालं वेगळंच. प्रचारामुळे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले शंभरात जेमतेम ८. निम्म्या लोकांचं तर आधीचंच मत आणखी घट्ट झालं! माणसं आपल्याच बाजूचा प्रचार जास्त ऐकत होती. आपणही पटणारंच आधी वाचतो, नाही का?

आणि जे बदलले, त्यांतल्या पुष्कळांनी नाव घेतलं ते ओळखीच्या माणसाचं. असा एखादा प्रत्येक गल्लीत असतोच. तो स्वतः भरपूर वाचतो आणि बाकीचे त्याला विचारतात. म्हणजे छापलेलं आधी त्याच्याकडे, मग त्याच्या तोंडून इतरांकडे.

तर मग लेखनाला ताकदच नाही, असं समजायचं का? थांबा. १९६८ साली मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी चॅपल हिल गावात, कुणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलेला क्रम आणि बातम्यांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ जुळला. आता आम्ही तर्कशास्त्र शिकवलेली माणसं लगेच म्हणणार, जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. पत्रकारच लोकांच्या मनातलं लिहीत असतील! ही शंका रास्तच आहे. म्हणून पुढे आयंगार आणि किंडर यांनी प्रयोग केला. काही लोकांना आठवडाभर टीव्हीच्या बातम्या दाखवल्या, पण त्यांत एकाच प्रश्नाच्या बातम्या मुद्दाम वाढवून. आठवड्यानंतर त्यांना तो प्रश्न मोठा वाटू लागला. एवढंच नाही, अध्यक्षांचं काम बरं की वाईट हे ठरवताना ते त्याच प्रश्नाला जास्त वजन देऊ लागले.

बघा, अध्यक्ष वाईट आहेत असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निकाल त्यांनी स्वतःच दिला. फक्त कोणत्या विषयात परीक्षा घ्यायची, हे दुसऱ्यानं ठरवलं होतं. आणि हे आपल्या बाबतीत घडलं, तर ते आपल्या लक्षात कसं यावं?