विपणन, अल्पखर्ची आंतरजालीय

मोठ्या जाहिरात-खर्चाशिवाय, आंतरजालाच्या साहाय्याने ग्राहक शोधण्याच्या, मिळविण्याच्या व टिकविण्याच्या पद्धतींना अल्पखर्ची आंतरजालीय विपणन असे म्हणतात. या पद्धतींचा अवलंब मुख्यत्वे नवोद्यम, म्हणजे नव्या कल्पनेवर उभारलेल्या परंतु बाजारपेठेत अद्याप स्थिर न झालेल्या उद्योगसंस्था, आपल्या प्रारंभिक अवस्थेत करतात. या अवस्थेत संस्थेपाशी भांडवल थोडे असते, तिचे नाव अपरिचित असते आणि आपला ग्राहक नेमका कोण, याविषयीही निश्चिती नसते. त्यामुळे येथे विपणनाचे कार्य दुहेरी ठरते : विक्री घडवून आणणे आणि ग्राहकाची गरज समजावून घेणे. ‘अल्पखर्ची’ हे विशेषण मात्र सापेक्ष आहे. या पद्धतींत रोख पैशाची जागा बव्हंशी संस्थापकांचे श्रम, त्यांचा वेळ आणि लोकांचा विश्वास ही घेतात. त्यांचे मूल्य हिशेबात न धरल्यास खर्चाचा अंदाज चुकतो.

इतिहास : थोड्या पैशांत, कल्पकतेच्या बळावर विपणन करण्याच्या विचारास जे कॉनरॅड लेव्हिन्सन या अमेरिकन लेखकाच्या गरिला मार्केटिंग (१९८४) या ग्रंथामुळे प्रसिद्धी मिळाली. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर न लढता छोट्या व्यावसायिकाने गनिमी काव्याने बाजारपेठ मिळवावी, असा त्याचा आशय होता. संगणक-जालाचा विक्रीसाठी उपयोग त्याहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क या विपणन अधिकाऱ्याने आर्पानेट या जालाच्या सु. ४०० वापरकर्त्यांना नव्या संगणकांची जाहिरात करणारा संदेश पाठविला. त्यावर तक्रारी झाल्या. अनाहूत व्यापारी ई-मेलचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पाठविणाऱ्याला संदेश जवळजवळ फुकट पडतो, पण त्याचा उपद्रव घेणाऱ्याला सोसावा लागतो, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न तेव्हाच पुढे आला.

सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेली हॉटमेल ही मोफत ई-मेल सेवा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा होय. तिच्यामार्फत जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, अशी मोफत सेवा आपणही घ्यावी, अशा अर्थाची एक ओळ जोडलेली असे. त्यामुळे प्रत्येक वापरकर्ता नकळत प्रचारक बनला. दीड वर्षात सु. १·२ कोटी सभासद मिळविताना विपणनावर पाच लाख डॉलरांहून कमी खर्च झाला, तसेच कोणताही प्रचार न करता भारतातही ही सेवा अग्रस्थानी पोहोचली, असे तिच्या गुंतवणूकदारांनी नमूद केले आहे. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्था विकत घेतली. वापराबरोबर संदेशाचा आपोआप प्रसार होण्याच्या या प्रकारास, रोगाच्या संसर्गाशी असलेल्या साम्यावरून, ‘व्हायरल’ किंवा संसर्गी विपणन हे नाव रूढ झाले. पुढे गूगल कंपनीने ऑक्टोबर २००० मध्ये आपल्या शोधयंत्रावर जाहिरातदारांना स्वतःच जाहिराती देता येतील अशी योजना सुरू केली. तीमुळे अगदी लहान रकमेची जाहिरातही शक्य झाली. विपणन, उत्पादनाची रचना व आकडेवारीचे विश्लेषण यांची सांगड घालणाऱ्या व्यक्तीसाठी ‘ग्रोथ हॅकर’ ही संज्ञा शॉन एलिस यांनी २०१० मध्ये योजिली.

तंत्रे : या विपणनाची प्रमुख तंत्रे पुढीलप्रमाणे आहेत. (१) प्रत्यक्ष संपर्क : पहिले काही ग्राहक संस्थापकाने स्वतः शोधून त्यांच्याशी बोलणे, त्यांच्या अडचणी नोंदविणे व त्यानुसार वस्तूत बदल करणे. हे काम सावकाशीचे असले, तरी पुढील सर्व तंत्रांचा पाया त्यातच घातला जातो. (२) उपयुक्त आशय : ग्राहकाच्या प्रश्नांना उत्तरे देणारे लेख, चित्रफिती वा पाठ विनामूल्य उपलब्ध करून देणे आणि शोधयंत्रात ते सहज सापडतील अशी त्यांची रचना करणे. नितीन कामत यांनी २०१० मध्ये बंगळुरू येथे स्थापिलेल्या झेरोधा या शेअरदलाली संस्थेने रूढ जाहिरातींवर भर न देता कमी दलाली, ग्राहकांच्या शिफारशी व गुंतवणुकीविषयीची मोफत पाठमाला यांवर विसंबून विस्तार साधला. २०१९ मध्ये सक्रिय ग्राहकसंख्येत ती देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. (३) ई-मेल व संदेश : ग्राहकाने स्वखुशीने दिलेल्या पत्त्यावर मोजका व कामाचा मजकूर पाठविणे. छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲपने जानेवारी २०१८ मध्ये आणलेले स्वतंत्र ॲप भारतात या कामी पुष्कळ वापरले जाते. (४) समाजमाध्यमे : लक्षवेधी मजकूर वा चित्रफीत लोकांनीच पुढे पाठवावी, अशी योजना करणे. डॉलर शेव्ह क्लब या अमेरिकन संस्थेने मार्च २०१२ मध्ये सु. ४,५०० डॉलर खर्चून केलेल्या विनोदी चित्रफितीमुळे तिच्याकडे दोन दिवसांत सु. १२,००० मागण्या आल्या. असे यश अपवादात्मक असून ते ठरवून मिळविता येत नाही. (५) शिफारस-योजना : नवा ग्राहक आणणाऱ्या जुन्या ग्राहकास व त्या नव्या ग्राहकासही काही लाभ देणे. (६) चाचणी-जाहिरात : अल्प रकमेच्या दोन पर्यायी जाहिराती देऊन त्यांच्या परिणामांची तुलना करणे.

शिफारस-योजनेचे अभ्यासनीय उदाहरण म्हणजे ड्रॉपबॉक्स ही संगणकीय फाइली साठविण्याची सेवा होय. या संस्थेने प्रथम शोधयंत्रावरील जाहिरातींचा प्रयोग केला. परंतु ९९ डॉलर किमतीच्या सेवेसाठी प्रत्येक ग्राहकामागे २३३ ते ३८८ डॉलर खर्च येऊ लागला. तेव्हा तिने शिफारस करणारा व शिफारशीने येणारा अशा दोघांनाही रोख रकमेऐवजी जादा साठवण-जागा देण्याची योजना आखली. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेली तिच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांची संख्या जानेवारी २०१० मध्ये ४० लाखांवर गेली. येथे बक्षीस हे सेवेचाच भाग होते. त्यामुळे केवळ बक्षिसाच्या लोभाने येणाऱ्यांपेक्षा सेवेची खरी गरज असणारे लोकच अधिक आकृष्ट झाले. शिवाय फाइल दुसऱ्यास पाठविण्यासाठी त्यालाही सेवेची ओळख करून देणे ओघानेच येई. ज्या वस्तूच्या वापरात असा प्रसार अंगभूत नसतो, तिला हेच तंत्र लावून तोच परिणाम साधेल असे नाही.

मापन : एक ग्राहक मिळविण्यास आलेला सरासरी खर्च आणि तो ग्राहक टिकेल तोवर त्याच्यापासून होणारा एकूण नफा, यांची तुलना हा या विपणनाचा मुख्य निकष होय. समजा, मसाले विकणाऱ्या एका नवोद्यमाने महिन्याभरात जाहिरातीवर ३०,००० रु. खर्चून १०० ग्राहक मिळविले. वरवर पाहता प्रत्येक ग्राहकामागे ३०० रु. खर्च आला. एका मागणीमागे १५० रु. नफा होत असेल, तर दुसऱ्या मागणीतच तो भरून निघतो. परंतु त्याच महिन्यात संस्थापकांनी लेख लिहिणे, छायाचित्रे काढणे, संदेशांना उत्तरे देणे यांसाठी वेचलेल्या वेळाचे मोल ४०,००० रु. धरल्यास हा खर्च ७०० रु. होतो व तो भरून येण्यास पाच मागण्या लागतात. दोनतीन मागण्यांनंतर ग्राहक परत येत नसेल, तर अधिक ग्राहक मिळविल्याने तोटाच वाढतो. म्हणून अनुयायांची संख्या वा पसंतीच्या खुणा यांपेक्षा पुन्हा खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण अधिक बोलके असते. तुलनात्मक चाचणीतही संख्येचे भान ठेवावे लागते. चाळीस-चाळीस लोकांना दाखविलेल्या दोन जाहिरातींपैकी एकीमुळे दोन व दुसरीमुळे तीन विक्री झाल्या, तर दुसरी जाहिरात सरस ठरत नाही. तो केवळ योगायोग असू शकतो.

मर्यादा : ही तंत्रे बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या व्यासपीठावर अवलंबून असतात व त्याचे नियम एकाएकी बदलू शकतात. गूगलने फेब्रुवारी २०११ व एप्रिल २०१२ मध्ये आपल्या क्रमवारी-पद्धतीत केलेल्या बदलांमुळे निकृष्ट मजकूर व कृत्रिम दुवे यांवर विसंबलेली अनेक संकेतस्थळे मागे पडली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात संदेश एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास आळा घातला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली व त्याच माध्यमावर उभारलेला अनेकांचा ग्राहकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. म्हणून स्वतःचे संकेतस्थळ व ग्राहकांची संमतिपूर्वक तयार केलेली यादी हीच नवोद्यमाची टिकाऊ मालमत्ता समजली जाते.

कायदा व नीती : खर्च वाचविण्याच्या नादात खोटे अभिप्राय लिहविणे, पत्त्यांच्या याद्या विकत घेणे, मोबदला घेऊन केलेली स्तुती उत्स्फूर्त म्हणून दाखविणे, असे गैरप्रकार घडतात. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून सशुल्क प्रचाराचा स्पष्ट उल्लेख आवश्यक ठरविला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तर आंतरजालावरील ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी मानक प्रसिद्ध केले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने संमतीच्या तत्त्वाला महत्त्व दिले असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. यूरोपीय संघाचे अधिक कडक विनियम मे २०१८ पासून अंमलात आहेत व तेथील ग्राहकांना सेवा देऊ इच्छिणाऱ्या भारतीय संस्थांनाही ते लागू होतात.

भारतीय भाषांतील ग्राहकवर्ग हे या विपणनाचे विस्तारते क्षेत्र आहे. देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे प्रक्षेत्रनाम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले व त्यात मराठी व कोकणी या भाषांचाही अंतर्भाव आहे. ग्राहकाच्या भाषेत, त्याच्या नेहमीच्या शब्दांत दिलेली माहिती छोट्या उद्योगाला थोड्या खर्चात त्याच्यापर्यंत पोहोचविते. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे मजकूर निर्माण करणे अत्यंत स्वस्त झाले आहे. मात्र ही सोय सर्वांनाच उपलब्ध असल्याने केवळ मजकुराच्या विपुलतेचा लाभ उरलेला नाही. प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली माहिती, दिलेल्या वचनाचे पालन व तक्रारीचे तत्पर निवारण यांतून येणारी विश्वासार्हता हेच अल्प भांडवलाच्या संस्थेचे मुख्य विपणन-साधन ठरते. (⟶ जाहिरात, विपणन).