दोनशे मीटरवरून माजरी

नागपूरहून बल्लारशाहकडे धावणारी एखादी गाडी माजरी जंक्शनला न थांबता निघून जाते, तेव्हा खिडकीतल्या माणसाला स्टेशनचं नाव वाचायला किती वेळ मिळतो? गणित सोपं आहे, उत्तर मात्र चक्रावून टाकणारं.

समजा, पिवळ्या पाटीवरचं काळं अक्षर ३० सेंटिमीटर उंच आहे. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायचं तर त्याच्या उंचीने डोळ्यापाशी निदान पाच कलांचा कोन करावा लागतो. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग! डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता याच मापावर बेतलेला असतो. या हिशेबाने आपलं अक्षर साधारण २०६ मीटरवरून ओळखू यायला लागतं. गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ३० मीटरहून थोडा जास्त. हाती उरले सात सेकंदांपेक्षाही कमी. तेवढ्यात पाटी शोधायची, अक्षरं जुळवायची आणि शेजारच्याला सांगायचं, ‘‘अहो, माजरी गेलं!’’

ग्राफिक डिझाइन म्हणजे सजावट, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पण ही पाटी आखायला बसलेल्या माणसाला सजावटीचा विचार करायला सवडच कुठे आहे? त्याचे प्रश्न वेगळेच. वाचणारा कुठे आहे? किती घाईत आहे? उजेड कसा आहे? कोळशाची धूळ बसल्यावर पाटीचं काय होईल? रंगाचा डबा उघडण्याआधी ही चौकशी व्हायला हवी.

पिवळाच रंग का, हेही पाहण्यासारखं आहे. भर उजेडात आपला डोळा सर्वांत जास्त दाद देतो ती ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, हिरवट-पिवळ्या प्रकाशाला. पिवळा पृष्ठभाग या पट्ट्यातला भरपूर प्रकाश परत पाठवतो, काळं अक्षर जवळजवळ सगळा गिळतो. दोघांमधली ही दरी म्हणजेच वाचनीयता.

आता खरी गंमत. याच मार्गावर पुढे भांदक लागतं. माजरी आणि भांदक ही नावं शेजारी लिहून बघा. पहिल्याची सुरुवात ‘मा’, दुसऱ्याची ‘भां’. ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात फरक तो केवढा? ‘भ’च्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटते आणि तिथे छोटं वळण येतं. बाकी गाठ तीच, उभी रेघ तीच. ती फट तीन सेंटिमीटर ठेवली, तर साधारण १०० मीटरच्या आत आल्याशिवाय ती दिसणारच नाही. म्हणजे सातातले निम्मे सेकंद आधीच खर्च! जाडजूड अक्षर ‘ठळक’ दिसेल म्हणून रंगाऱ्याने कुंचला जरा सैल सोडला, की फट बुजली, गाठीचं भोकही बुजलं. अक्षर जितकं काळं केलं, तितकं वाचेनासं झालं. अक्षर रंगाने घडतं तितकंच रंग न लागलेल्या जागेनेही घडतं.

तरीही नजर बहुधा फसत नाही, कारण तिला दुसरीकडून मदत मिळते. शिरोरेषेच्या वर बघा. भांदकच्या सुरुवातीलाच डोक्यावर टिंब आहे, तर माजरीच्या शेवटी वेलांटीची कमान. आतले तपशील धूसर असतानाच एका शब्दाचं डोकं पुढून उचललेलं दिसतं, दुसऱ्याचं मागून. डिझायनर डोळे किलकिले करून आपलंच काम पाहत बसतात ते यासाठी. अंतर वाढल्यावर काय हरवेल आणि काय टिकेल, ते असं जागेवर बसून कळतं.

रुळांना समांतर उभी असलेली पाटी तर तिरकीच दिसते. नजर ६० अंशांनी तिरपी झाली की शब्दाची रुंदी निम्मी होते, उंची तेवढीच राहते. माजरीतल्या चार उभ्या रेघा अशा वेळी कुंपणाच्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटतात. त्यांच्यात किती हवा सोडायची? हे कोणतीही पट्टी सांगत नाही. कागदावर समान असलेली अंतरं डोळ्याला समान वाटत नाहीत. इतकंच काय, सारख्याच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते. म्हणून जाणता अक्षरकार मापात चुकतो, दिसण्यात बरोबर येतो.

हे सगळं टेबलाशी बसून ठरत नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास रस्त्यांवरच्या पाट्यांची अक्षरं पारखायची होती, तेव्हा एका विमानतळावर माणसांना रांगेत बसवलं आणि टपावर पाटी लावलेली मोटार त्यांच्या दिशेने चालवत आणली! कोणाला कुठल्या अंतरावर वाचता आलं, याची नोंद झाली. मला तरी कलादालनातल्या बक्षिसांपेक्षा ही परीक्षा जास्त चोख वाटते.

अर्थात वाचणारा बदलला की नियमही उलटतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अक्षरांत मांडली, तेव्हा त्यांचा वाचक सकाळी चहा घेत वर्तमानपत्र चाळणारा होता. त्याला घाई नव्हती. तिथे अक्षराने नाटकाचा स्वभावच दाखवायचा होता. उलट र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला, तेव्हा जागा होती संगणकाच्या पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांची. एकाच देवनागरीची ही दोन टोकं.

आणि माजरी तर कोळशाचं गाव. भूमिगत खाणीतला वाचक डोळ्यांसमोर आणा. चहूकडे अंधार, भिंती काळ्या, आणि उजेड काय तो त्याच्याच टोपीवरच्या दिव्याचा. वाचकच दिवा घेऊन येतो! अशा जागी साध्या रंगाच्या पाटीवर पडलेला प्रकाश चहूबाजूंना विखुरतो आणि डोळ्यापर्यंत जेमतेम पोचतो. म्हणून परावर्तक पाटीत काचेचे बारीक मणी बसवतात. मण्यात शिरलेला किरण मागे आपटून जिथून आला त्याच दिशेने परततो. मोटारीत चालकाचे डोळे दिव्यांपेक्षा बरेच वर असतात, त्यामुळे परतलेल्या प्रकाशातला काही भाग वाया जातो. खाणकामगाराचा दिवा मात्र डोळ्यांच्या वर जेमतेम वीतभर. त्याच्या नजरेला ती पाटी झगझगीत दिसते, आणि चार पावलं बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याचा दिवा विझलेला असेल, तर त्याला तिथे पाटी आहे हेसुद्धा कळत नाही.