मुक्त प्रणाली आणि तुटपुंजे इंटरनेट

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. काही काळाची मुदतवाढ तिने देऊ केली हे खरे. परंतु मुदतवाढीने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ साली हप्त्यांवर घेतलेला आणि आजही विनातक्रार चालणारा संगणक कंपनीच्या लेखी कालबाह्य ठरतो. यंत्र झिजेल तसा घसारा धरावा, ही हिशेबाची जुनी रीत. येथे यंत्र झिजलेलेच नाही. घसारा मात्र परस्पर जाहीर झाला आहे.

यावर लिनक्सचा उपाय सुचविला जातो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली जिच्या गाभ्याला आरंभ केला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रांवर बऱ्यापैकी चालते. शहरातील जाणकारांचा हा सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्याच्या घरी बहुधा अमर्याद इंटरनेट असते.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या माध्यमिक शिक्षकाची स्थिती पाहावी. घरातील इंटरनेट म्हणजे मोबाइल, आणि मोबाइलवर दिवसाला दीड जीबीची मर्यादा. लिनक्स मिंट किंवा डेबियन यांची स्थापनेची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. दोन दिवसांचा संपूर्ण वाटा तिलाच द्यावा लागतो. तेवढ्यात मुलांचा अभ्यास आणि घरची इतर कामे बंद. डाउनलोड मध्येच तुटले आणि पहिल्यापासून सुरू करावे लागले, तर तोही खर्च वाया. शून्य किमतीच्या वस्तूची वाहतूकच महाग, असा हा प्रकार आहे.

पूर्वी ही वाहतूक निराळ्या मार्गाने होत असे. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या अंकासोबत लिनक्सच्या सीडी येत. उबुंटूच्या सीडी तर २००५ पासून २०११ पर्यंत मागणी नोंदविणाऱ्यास टपालाने विनामूल्य पाठविल्या जात. त्या भारतातही येत. इंटरनेट वेगवान झाल्यावर ही व्यवस्था बंद पडली. ज्यांच्यापर्यंत तो वेग पोहोचला नव्हता, त्यांचे टपाल तेवढे थांबले.

येथे एक मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. लिनक्सचे खरे वैशिष्ट्य तिच्या फुकटपणात नसून तिच्या परवान्यात आहे. विंडोजची एक प्रत दहा संगणकांवर घालणे हा करारभंग. लिनक्सची प्रत शेजाऱ्यास देण्याची मुभा परवानाच देतो. चाळीस शिक्षकांनी घरोघरी ती स्वतंत्रपणे उतरविली तर एकशेवीस जीबी खर्ची पडतील. एकाने उतरवून पेन ड्राइव्हवर फिरविली तर तीनच. इंटरनेट जेथे तुटपुंजे, तेथे या अधिकाराचे मोल अधिक.

अर्थात प्रत हाती आली की काम संपले, असे नाही. पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर ही तीन अंगे आधी तपासावीत. डिस्कला तोवर हात लावू नये. वाय-फाय चालले नाही तर त्याचा ड्रायव्हर आणण्यास इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी वाय-फाय! अशा वेळी मोबाइल केबलने जोडल्यास बहुधा मार्ग निघतो. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे बरेचसे फर्मवेअर स्थापनेच्या फाइलीतच घातले, त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

मराठी माणसाची खरी पंचाईत जुन्या दस्तऐवजांत आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका आणि कार्यालयीन पत्रे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर विंडोज हाताशी आहे तोवरच उरकावे, आणि सर्व फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी तर संपूर्ण स्थलांतराची घाई करूच नये. एका संगणकावर दोन्ही प्रणाली नांदू शकतात.

राहिला पुढील सुधारणांचा प्रश्न. ‘ॲप्ट-ऑफलाइन’ नावाचे एक साधन घरच्या संगणकाला काय हवे त्याची यादी करून देते. ती यादी पेन ड्राइव्हवर महाविद्यालयात न्यावी, तेथे सामान उतरवावे आणि घरी आणून बसवावे. वाण्याच्या यादीसारखाच व्यवहार. मात्र ते साधन दोन्हीकडे असावे लागते, आणि महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेचे दार त्यासाठी उघडे ठेवावे लागते. ग्रंथालयांनी पुस्तकांबरोबर असे दोन-तीन पेन ड्राइव्ह देवघेवीच्या नोंदवहीत चढविण्यास नियमांचा अडथळा दिसत नाही. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली आणि नवी आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते. तोपर्यंत तेच पेन ड्राइव्ह गावभर फिरू शकतील.