हेलिकॉप्टरच्या भिंतीतला स्पीकर

पटलं बनवली होती आवाज कमी करण्यासाठी, आणि तीच आवाज जोमाने बाहेर टाकत होती.

इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संरक्षण संशोधन संस्थेत केन हेरॉन लष्करी हेलिकॉप्टरच्या आतला गोंगाट कसा घटवायचा, या प्रश्नाच्या मागे लागले होते. हेलिकॉप्टरचं वजन वाढवून चालत नाही. म्हणून भिंतींना हलकी पण ताठ पटलं लावायची: दोन पातळ थर आणि मधे पोळ्यासारखी षटकोनी घरं. मजबुतीच्या दृष्टीने ती उत्तमच. पण दगडी भिंत आवाज अडवते ती वजनाच्या जोरावर, आणि या पटलांत नेमकं वजनच नव्हतं. त्यातून दुसरं संकट उभं राहिलं. ताठ आणि हलक्या पटलात वाकण्याच्या लाटा इतक्या वेगाने धावतात, की एका वारंवारतेच्या पुढे त्या हवेतल्या ध्वनीलाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या वेगालाही, मागे टाकतात. तिथून पुढे पटलाची थरथर फार सहज हवेत उतरते. पटल जितकं ताठ आणि हलकं, तितक्या खालच्या स्वरापासून हे सुरू होतं.

गोंगाट रोखण्याच्या कामी हे पटल नापासच. पण हेरॉन यांनी प्रश्न उलटा केला: जे पटल आवाज इतका सहज सोडतं, ते आपणच मुद्दाम हलवलं तर? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संरक्षण खात्याच्या नावाने पेटंट आलं. विषय होता, पटलाच्या रूपातला लाऊडस्पीकर.

यातलं धाडस लक्षात घ्यायला हवं. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली आजच्या लाऊडस्पीकरचा पाया घातला, तेव्हापासून कागदी शंकूने पिस्टनसारखं सरळ पुढे-मागे व्हावं, हाच नियम होता. शंकू मधेच वाकला की आवाज बिघडला. तो वाकू नये म्हणून इंजिनिअरांच्या पिढ्या झिजल्या. आणि इथे एक माणूस सांगत होता, वाकू द्या, आवाज त्यातूनच काढू.

अर्थात नुसतं पटल हलवून संगीत निघत नाही. प्रत्येक पटलाचे स्वतःचे काही लाडके स्वर असतात. ते घुमतात, बाकीचे दबतात. हा तिढा सोडवला व्हेरिटी ग्रुप या ब्रिटिश कंपनीने. त्यांनी हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि हेन्री अझिमा, नील हॅरिस यांनी त्याचं गणित मांडलं. तबल्याची शाई चामड्याच्या विखुरलेल्या कंपनांना एका सुरात बांधते. यांना हवं होतं नेमकं उलट. कंपनं इतकी दाट आणि समान पसरलेली असावीत, की एकाही स्वराची मिरासदारी राहू नये. त्यासाठी लांबी-रुंदीचं एक प्रमाण सापडलं, १.१३४ ला १. पटल हलवणारी कॉइल कुठे बसवायची, हेही ठरलं: मध्यावर नव्हे, तर एका बाजूच्या ४/९ आणि दुसऱ्या बाजूच्या ३/७ अंतराजवळ. मध्यबिंदूवर कितीतरी कंपनं मुळातच स्थिर असतात. तिथे ढकललं तर ती जागीच होत नाहीत. मला या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. १९९६ साली हे तंत्र एनएक्सटी या नावाने जगापुढे आलं.

त्या वेळी टीव्हीला त्याची गरज नव्हती. पिक्चर ट्यूबच्या खोक्यात स्पीकरला भरपूर जागा होती. मग टीव्ही चपटे झाले, स्पीकर आक्रसले आणि खाली किंवा मागे तोंड करून बसले. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘ट’ यांसारख्या व्यंजनांची धार भिंतीवर आणि टेबलावरच बोथट होऊ लागली. घरोघरी आवाज वाढवूनही संवाद कळेनासे झाले, ते यामुळेही.

पडदाच हलवावा, तर एलसीडीत मागे प्रकाशाचे थर असतात. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, मागच्या दिव्यांचा प्रश्नच मिटतो. जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने ए१ हा टीव्ही आणला. पडद्यामागचे अ‍ॅक्च्युएटर त्यालाच थरथरवत होते. एलजी डिस्प्लेनेही तिथेच बोलणारा पडदा दाखवला. देश वेगळे, रचना वेगळी, पण वाकणाऱ्या पटलाकडून आवाज घेण्याची कल्पना तीच. थरथर डोळ्यांना दिसत नाही, आणि संवाद बोलणाऱ्याच्या तोंडाच्या बाजूनेच येतो.

खर्ज मात्र अजून हवाच मागतो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. तिच्यासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि पडद्याची इवलीशी थरथर तिथे अपुरी पडते. म्हणून सोनीने ए१च्या मागच्या आधारात सबवूफर दडवला. पुढच्याच वर्षीच्या ए९एफमध्ये तर होम थिएटरचा मधला स्पीकर म्हणून टीव्हीचा पडदाच जोडता येऊ लागला. संवादांसाठी पडद्याखाली वेगळं खोकं ठेवायची गरज त्या घरात उरली नाही.