वासुदेवाची टोपी घरच्या घरी

शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत वासुदेव हमखास असतो, पण टोपी बहुधा भाड्याची आणि कानांपर्यंत घसरणारी! ती घरी छान होते.

जाड कार्डशीटवर ३५ सेंमी त्रिज्येचा पाव वर्तुळाचा तुकडा कापा. कडा २ सेंमी एकमेकींवर चढवून चिकटवल्या की साधारण ५३ सेंमी घेराचा शंकू होतो. मुलाचं डोकं मोजून थोडं कमीजास्त करा.

आता खरी गंमत. मोरपिसाचा डोळा आणि खाली बोटभर देठ ठेवून बाकीचं कापा. डोळे वर, देठ खाली. पहिली ओळ शेंड्याजवळ लावा आणि खाली उतरत या, म्हणजे प्रत्येक ओळ वरच्या ओळीचे देठ झाकते. बहुतेक जण खालून सुरुवात करतात आणि देठ उघडे पडतात. ग्लू गनच वापरा. फेविकॉल सुकेपर्यंत पिसं सरकतात. शेवटचे देठ जरीच्या काठाखाली लपवा, हनुवटीखाली नाडी द्या. शेंड्याला पितळी कळसाऐवजी सोनेरी रंगवलेलं झाकण चालतं.

पिसं गळून पडलेलीच घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मोराची शिकार गुन्हा आहे. परदेशातल्या भाच्याला टोपी पाठवायचा बेतही नको, मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे.