सर्व्हर महापेला, माणूस जोहे गावात : दुरून नजर ठेवणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर हा पट्टा गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सगळीकडे ओळखला जातो. पण याच पट्ट्यातली, आणि पेण-रोह्याच्या गावागावांतली आपली मुले आता महापे, ऐरोलीच्या कंपन्यांत किंवा आखाती देशांत कॉम्प्युटरची कामे करतात. कुणी नेटवर्किंगचा कोर्स केलेला, कुणी डिप्लोमा. छोट्या कंपनीत असा एकच मुलगा असतो आणि सगळे सर्व्हर त्याच्याच गळ्यात असतात. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला आणि सकाळी दहाला मालकाला कळले, तर बोल त्यालाच लागतो. कधी नोकरीवरही येते. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअर लोकांचा नाही, घराच्या रोजीरोटीचा आहे. आपण तो सोप्या भाषेत समजून घेऊ.

सर्व्हर मॉनिटरिंग म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे असा कॉम्प्युटर, ज्यावर कंपनीची बिले, स्टॉक, वेबसाइट, पगाराचा हिशेब चालतो. त्याच्यावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर वर्गातल्या हजेरीसारखे काम करते. ठरावीक वेळाने ते विचारते : आहेस का? डिस्क किती भरली? मेमरी किती उरली? बॅकअप झाला का? उत्तर आले नाही किंवा चुकीचे आले, तर ते जबाबदार माणसाला मेसेज पाठवते.

पण नुसती हजेरी पुरत नाही. मुलगा वर्गात बसलेला असतो, लक्ष मात्र खिडकीबाहेर. सर्व्हरचेही तसेच होते. 'पिंग' केले तर तो उत्तर देतो, पण त्यावरचे बिलिंग सॉफ्टवेअर केव्हाच अडकलेले असते. म्हणून मशीन चालू आहे का, एवढ्यावर थांबू नये. काम होते आहे का, हेही तपासणारे सॉफ्टवेअर हवे.

पुण्याची घटना काय सांगते?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढण्याची विनंती आली की ती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि खाते तपासून मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी मध्येच एक बनावट यंत्रणा बसवली, आणि तीच परस्पर मंजुरी देऊ लागली. अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. पहिला दिवस शनिवार होता.

यातून छोट्या कंपनीनेही एक गोष्ट शिकावी. मशीन सुरू असणे आणि काम बरोबर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज दोनशे बिले होतात आणि आज अचानक पाच झाली किंवा पाच हजार झाली, तर तेही सॉफ्टवेअरने सांगायला हवे. आणि सुट्टीच्या दिवशी तर जास्तच.

बाजारात काय काय आहे?

नावे खूप आहेत. नेहमी कानावर येणारी अशी :

१. झॅबिक्स : लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेले, २००१ पासून सर्वांसाठी खुले. लायसन्सचे पैसे नाहीत. सर्व्हर, स्विच, यूपीएस सगळे एका जागी दिसते. शिकायला थोडे दिवस लागतात.

२. नागिओस : १९९९ मध्ये वेगळ्या नावाने आलेले जुने आणि भरवशाचे सॉफ्टवेअर. त्याची 'कोअर' आवृत्ती मोफत आहे. मात्र सेटिंग बरेचसे फाइल लिहून करावे लागते.

३. प्रोमिथिअस आणि ग्राफाना : पहिले आकडे गोळा करते, दुसरे त्यांचे आलेख दाखवते. क्लाउडवर काम असलेल्या कंपन्यांत ही जोडी जास्त दिसते. दोन-तीन सर्व्हरच्या ऑफिसला एवढा पसारा सहसा लागत नाही.

४. पीआरटीजी : जर्मनीच्या पेसलर कंपनीचे, विंडोजवर चालणारे. १०० 'सेन्सर'पर्यंत मोफत. पण सेन्सर म्हणजे सर्व्हर नव्हे. एका सर्व्हरची डिस्क, मेमरी, प्रोसेसर मोजले की पाच-दहा सेन्सर सहज संपतात. म्हणजे मोफतमध्ये साधारण दहा-पंधरा मशीन बसतात.

५. ऑपमॅनेजर : चेन्नईच्या झोहो कंपनीच्या मॅनेजइंजिन विभागाचे. विकत घ्यावे लागते, पण सपोर्ट भारतातूनच मिळतो.

६. अपटाइम कुमा : छोटे, मोफत. वेबसाइट किंवा सेवा चालू आहे की बंद, एवढे छान सांगते. एक-दोन सर्व्हर असतील तर सुरुवात इथून करायला हरकत नाही.

मोफत म्हणजे फुकट नव्हे, हेही लक्षात ठेवावे. लायसन्सचे पैसे वाचतात, पण शिकण्याचा वेळ आणि देखभालीचा माणूस लागतोच. आणि तो माणूस गावाला गेला, आजारी पडला, तर दुसऱ्याला ते चालवता येईल का, हाही निवडीचा प्रश्न आहे.

निवडताना हे प्रश्न विचारा

*लाइन गेली तर?* ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, मोबाइलही लागत नव्हते. आपल्या कोकणात पावसाळ्यात इंटरनेट जाणे नवीन नाही. म्हणून मधल्या काळातली नोंद साठवून ठेवणारे आणि लाइन आली की ती पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर बरे. झॅबिक्सची 'प्रॉक्सी' हे काम करते. शिवाय मेसेज एकाच माणसाला जाऊ नये. जोहे गावातल्या मुलाच्या फोनला रेंज नसेल, तर दहा मिनिटांनी तो दुसऱ्या शहरातल्या साथीदाराला जायला हवा.

*पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?* नजर ठेवणारे सॉफ्टवेअर त्याच ऑफिसात, त्याच यूपीएसवर असेल, तर वीज गेली की दोघेही गप्प. आणि मेसेज आला नाही म्हणजे सगळे ठीक, असे आपण समजत राहतो. म्हणून बाहेरून तपासणारी एक छोटी सेवा वेगळी ठेवावी.

*मेसेज कसा येणार?* ईमेल रात्री कोणी वाचत नाही. टेलिग्राम किंवा फोन कॉल चांगला. कंपनीच्या नावाने गेटवेवरून एसएमएस पाठवायचे तर भारतात 'डीएलटी' नोंदणी करून मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. परदेशी सॉफ्टवेअर विकणारा हे सांगेलच असे नाही.

*किती मेसेज येणार?* हा प्रश्न छोटा वाटतो, पण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. दर पाच मिनिटाला फोन वाजू लागला की माणूस आवाज बंद करतो, आणि नेमका खरा इशारा तेव्हाच येतो. एकदा उत्तर चुकले की लगेच ओरडू नये. लागोपाठ तीनदा चुकले तरच सांगावे. डिस्क ८० टक्के भरली तर दिवसा ईमेल, ९० टक्के भरली तर फोन. ज्या मेसेजवर काहीच करायचे नाही, तो मेसेज बंदच करावा.

पहारेकरीच चोरवाट ठरू शकतो

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. तिचे 'ओरायन' हे मॉनिटरिंगचेच सॉफ्टवेअर. त्याच्या अधिकृत अपडेटमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोहोचले. त्यात अमेरिकेची सरकारी खातीही होती. जुलै २०२१ मध्ये 'कसेया'च्या सॉफ्टवेअरमधून खंडणीचा व्हायरस शेकडो छोट्या कंपन्यांत शिरला. ते तर दुरून मशीन चालवणारे सॉफ्टवेअर होते.

घराची किल्ली ज्याच्या हातात द्यायची, त्याची आधी चौकशी करतो ना आपण? तसेच इथे. बघायचे आहे तेवढाच अधिकार द्या. फक्त आकडे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. त्याचे पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नका, व्हीपीएनमागे ठेवा. शक्यतो सर्व्हरनेच बाहेर माहिती पाठवावी, बाहेरच्याला आत यायला पोर्ट उघडू नये. स्विच आणि यूपीएससाठी 'एसएनएमपी' वापरत असाल तर तिसरी आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्त्यांत पासवर्ड उघडाच जातो. ग्राहकांची माहिती ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे.

कायद्याचेही बघावे. 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. निवडलेले सॉफ्टवेअर एवढ्या दिवसांची नोंद ठेवते का, त्याला डिस्क किती लागेल, हे आधीच विचारा.

मॉनिटरिंग म्हणजे बॅकअप नव्हे

आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरात, जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' व्हायरसमुळे एका टर्मिनलचे कामकाज कोलमडले. हे टर्मिनल मर्स्क समूहाचे. जगभरात या समूहाला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या महत्त्वाच्या माहितीची एक प्रत वाचली ती घानामध्ये, कारण तिथे नेमकी वीज गेलेली होती! एवढी मोठी कंपनी वाचली ती नशिबाने. आपण नशिबावर राहू नये. नजर ठेवणारा धोका सांगेल, पण गेलेली माहिती परत आणणार नाही. त्यासाठी नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला बॅकअपच हवा, आणि तो रोज होतो की नाही यावर मात्र मॉनिटरिंगने लक्ष ठेवावे.

सुरुवात कशी करावी?

आधी कागदावर यादी करा : कोणकोणते सर्व्हर, त्यावर कोणते काम, आणि बंद पडले तर किती वेळ चालेल. बिलिंगला अर्धा तास जड जातो, जुन्या फाइलींना दोन दिवस चालतात. मग दोन सॉफ्टवेअर निवडून महिनाभर वापरून बघा. मुद्दाम एक सेवा बंद करा आणि मेसेज किती मिनिटांत, कोणाला येतो ते घड्याळ लावून मोजा. विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा ही परीक्षा जास्त सांगते.

आणि मालक मंडळींना एक विनंती. सॉफ्टवेअर कितीही चांगले घ्या, रात्री उठून काम करणारा शेवटी माणूसच असतो. त्याला एकट्याला वर्षभर जागे ठेवू नका. दोघांची पाळी लावा, आणि रात्री उठावे लागले तर दुसऱ्या दिवशी सवलत द्या. आपल्या मुलांनीही नोकरी स्वीकारताना हे आधीच विचारून घ्यावे.